‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही

परवा फोनवर तू विचारलंस, “मामा, ब्रेक मऊ लागतोय, हवा घरीच काढू का?” आणि मी एवढंच म्हणालो, “थांब, मी सांगेपर्यंत पान्याला हात लावू नकोस.” तुला वाटलं असेल, मामा नको म्हणतोय. तसं नाही बाळा. दाजींनी जपलेली मारुती तू विकली नाहीस, स्वतःच्या हाताने सांभाळायला निघालीस, याचं मला फार बरं वाटतं. काढ, घरीच काढ. पण इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते, ब्रेक बिघडला तर उभी राहत नाही, म्हणून हे फोनवर गडबडीत सांगण्यातलं नव्हतं. वाईच्या गॅरेजमध्ये वस्तादांनी मला जे शिकवलं आणि पुढे माझ्या हाताला जे कळलं, ते लिहून धाडतोय. एकदा शेवटपर्यंत वाच, मगच बॉनेट उघड.

पहिली गोष्ट म्हणजे पेडल काय सांगतंय ते पायाने ऐकायला शीक. ‘ब्रेक लागत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळे रोग असतात. पेडल दाबल्यावर रबरी चेंडूवर पाय पडल्यासारखं वाटलं, शेवटपर्यंत घट्टपणा आलाच नाही, आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर जरा वर आलं तरी स्प्रिंगसारखं लवतच राहिलं, तर ती हवा. पहिल्या दाबाला पेडल बरंच खाली गेलं पण दुसऱ्या दाबाला वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर हवा नव्हे. मागच्या ड्रममधल्या शूंचं अंतर वाढलंय, ते जुळवून घ्यावं लागेल. पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर पेडलाच्या दांडीने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर तेल मागे सोडतंय, नाहीतर कुठेतरी गळती आहे. आणि पेडल कडक, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरकडे बघ. पहिल्या रोगावरचं औषध उरलेल्या तिघांना दिलं तर तेल वाया जातं, दिवस जातो आणि ‘आपण ब्रेकचं काम केलंय’ असा खोटा भरवसा मनात बसतो. तो भरवसा मला सगळ्यात घातक वाटतो.

समज, हवाच आहे. मग ती आली कुठून? बंद नळ्यांमध्ये हवा आपोआप शिरत नाही. ब्रेक ऑईलच्या टाकीतलं तेल किमान खुणेच्या खाली गेलं होतं का? मध्ये कुणी कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर उघडला होता का? दोन्ही नसेल तर गळती शोध. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मार, ड्रमच्या मागच्या पत्र्याची खालची कड बोटाने पुसून बघ, पेडलाच्या वर जिथे दांडी आत जाते तिथली ओल बघ. चाकाजवळच्या रबरी पाइपांना मुडपून भेगा तपास. एकाला पेडल दाबायला लाव आणि पाइप मुठीत धर. तो फुगताना जाणवला तर मऊपणा त्या पाइपाचाही असू शकतो. गळती सापडली तर हवा काढायची घाई करू नकोस. आधी गळती, मग हवा.

आता हवा एवढी का छळते ते सांगतो. दोन मोठ्या सिरिंज घे, सलाईनच्या नळीने जोड आणि आत पाणी भर. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा तेवढाच मागे सरकतो. हेच तुझं पेडल आणि तुझं चाक. पास्कलचा नियम शाळेत शिकलीस ना, तो हाच: कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. आता नळीत बोटभर बुडबुडा राहू दे, दुसरा दट्ट्या अंगठ्याने रोखून धर आणि पहिला दाब. दट्ट्या सरकतो, पण अंगठ्याला सुरुवातीला काहीच जोर कळत नाही, कारण बुडबुडा आक्रसण्यातच ती सरक संपते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, एवढंच यातलं मर्म. हिशेबच हवा असेल तर मास्टर सिलिंडरचा आतला व्यास वीस मिलिमीटर आणि पेडलाची तरफ चौपट धर. आत अडकलेली फक्त एक सीसी हवा तुझं पेडल साधारण सव्वा सेंटिमीटर जास्त खाली नेते. चार चाकांत चार ठिकाणी एवढीशी हवा राहिली तर पेडल फळीला टेकायला किती उरलं, तूच बघ.

पण ज्या हवेने मला आयुष्यभराचा धडा दिला, ती बाहेरून आलेली नव्हतीच. मी पंचविशीत होतो. पाचगणीहून भरलेली जीप घेऊन पसरणी घाटाने खाली येत होतो, श्रावणातली ओली दुपार होती. घाईत होतो म्हणून वरच्या गिअरात गाडी सोडली आणि वळणावळणाला ब्रेक मारत आलो. घाट अर्धा उतरलो आणि पेडल पायाखालून निघून गेलं. तळाला टेकलं, काही नाही. पंप मारला, काही नाही. गिअर खाली ओढला, हँडब्रेक हळूहळू वर घेतला आणि डोंगराच्या बाजूला चाक घासत गाडी थांबवली. अर्धा तास मी रस्त्याकडेला बसलो होतो, हात थरथरत होते. मग उठून पेडल दाबलं, तर ते घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजात वस्तादांनी टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि ते काढ्यासारखं काळपट तेल मला दाखवलं. तेलात पाणी होतं, ते उकळलं आणि त्याची वाफ झाली. वाफ म्हणजे पुन्हा दबणारी हवाच. गार झाल्यावर तिचं परत पाणी झालं आणि पेडल जागेवर आलं.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. त्याचा स्वभावच तसा आहे, आणि आपल्याकडे चार महिने हवा ओलीच असते. डॉट ३ प्रतीचं नवंकोरं तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी त्या प्रतीची अट असते, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच अट १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पाचगणीहून वाईपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरांत गाडी सहाशे मीटरच्या आसपास खाली येते. हजार किलोच्या गाडीचा तो सगळा उतार एकट्या ब्रेकने पेलला, तर सतरा लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता ड्रम आणि डिस्कवर निघते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतर. आणि म्हणून, बाळा, हवा काढायला बसलीसच आहेस तर नुसते बुडबुडे काढून उठू नकोस, जुनं तेलच पूर्ण बदल. दर दोन वर्षांनी बदल. तेल काळं झालं नाही म्हणून थांबू नकोस, पाण्याला रंग नसतो.

तेल कुठलं घ्यायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घे. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं तेल वेगळ्या जातीचं, ते यात मिसळत नाही, डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी त्याची जात डॉट ४ चीच. डबी सीलबंद आणि लहान घे. कपाटात वर्षभर उघडी पडलेली डबी कितीही भरलेली दिसली तरी वापरायची नाही, ओल तिनेही प्यायलेली असते. इंजिन ऑईल, गिअर ऑईल यांतलं चुकूनही काही टाकीत जाऊ देऊ नकोस. ब्रेकची रबरं फुगतात आणि मग सगळीच बदलावी लागतात. झाकणाच्या आतलं रबर फुगलेलं, बेढब दिसलं तर कुणीतरी आधीच हा घोटाळा करून ठेवलाय असं समज आणि तिथेच थांब. रबरं पेट्रोल-रॉकेलने धुवायची नाहीत, तोही तसाच घात.

कोरडा दिवस निवड. सपाट, पक्की जागा हवी. गाडी गिअरमध्ये ठेव, उचलायची नाहीत त्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोकं काही घालायचं नाही. घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकव, मग हलवून बघ, मगच खाली जा. यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

सामान फार नाही. निपलच्या, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या छोट्या पोकळ बोल्टच्या, मापाचा रिंग पाना, बहुतेक आठ किंवा दहा नंबरचा. फिक्स पान्याने निपलचे कोपरे झिजतात. हातभर पारदर्शक नळी, सलाईनची नवी किंवा मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळते ती, निपलवर घट्ट बसेल अशी. झाकणाला भोक पाडलेली एक पारदर्शक बाटली. मोठी सिरिंज. तारेचा ब्रश, धागे न सुटणारं जुनं सुती कापड, बादलीभर पाणी. पाणी एवढ्यासाठी की हे तेल रंग खातं. पत्र्यावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धू, पुसत बसू नकोस. डोळ्यांत उडालं तर भरपूर पाण्याने धू आणि काम सोडून डॉक्टरांकडे जा. चष्मा घालूनच बस.

आदल्या संध्याकाळी चारही निपल ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव. रात्रभर मुरू दे. निपल आतून पोकळ असतं, गंजलेलं असेल तर दांडपट्ट्यासारखा जोर लावल्यावर मुळातून तुटतं आणि सगळा सिलिंडर बदलायची वेळ येते. आधी किंचित आवळायच्या बाजूला दाब दे, मग सोडव. नाही हललं तर मिस्त्रीकडे ने. तिथे हट्ट करायचा नाही. एक आणखी बघून ठेव: निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना? डावं-उजवं कॅलिपर चुकून अदलाबदल करून बसवलं की निपल खाली येतं, आणि हवा तर वर बसलेली असते. मग दिवसभर तेल काढलंस तरी ती बाहेर येत नाही. एका गाडीवर मी दोन दिवस घालवले होते, तेव्हा हे कळलं.

सकाळी इंजिन बंद ठेवून पेडल सात-आठ वेळा दाब, म्हणजे बूस्टरमधली ओढ संपेल. टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पूस. सिरिंजने टाकीतलं जुनं तेल ओढून घे, तळ उघडा पडू देऊ नकोस, आणि नवं तेल वरपर्यंत भर. डबी हलवायची नाही, फेस होतो आणि तो फेस तू स्वतःच आत भरतेस.

आता मुख्य काम, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. एकट्याने करायच्याही युक्त्या आहेत. नळी बाटलीतल्या तेलात बुडवून सावकाश पंप मारता येतो, किंवा निपल उघडून नुसतं ठिबकू देता येतं, वेळ लागतो पण हवा निघते. काही जण पंपाने ओढून घेतात. त्यात निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत येते आणि बुडबुडे संपतच नाहीत, माणूस वेडा होतो. मला विचारशील तर दोन माणसांची पद्धतच खरी.

पेडलवर कुणाला बसवायचं, हे नीट ठरव. माझ्या गॅरेजात पोरं पुष्कळ होती, पण अवघड गाडी आली की मी घरून तुझ्या मामीला बोलावून घ्यायचो. ती फटाफट पंप मारायची नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याकडे बघायची नाही, आणि मी ‘सोड’ म्हटल्याशिवाय तिचा पाय कधी म्हणजे कधी उचलला गेला नाही. या कामाचं सगळं रहस्य त्या एका सवयीत आहे. निपल उघडं असताना पाय उचलला की पेडल वर येतं आणि चाकाकडूनच हवा आत ओढली जाते. जेवढी काढली त्याहून जास्त.

बोलायचं असं. तू चाकाशी. निपलवर आधी पाना चढव, मग नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडलेलं. तू म्हण, “दाब.” वरच्याने सावकाश दाबायचं आणि घट्ट लागलं की म्हणायचं, “धरलं.” ‘धरलं’ ऐकल्यावरच तू पाना पाव आटा फिरव. तेल नळीत येतं, पेडल खाली जातं. ते तळाला जायच्या आत निपल बंद कर. बंद झालं की म्हण, “सोड.” मग एक श्वास थांबा, टाकीतून तेल खाली यायला वेळ लागतो, आणि पुन्हा “दाब.” दोघांनी हेच तीन शब्द वापरायचे. ‘हं’, ‘झालं’, ‘ओके’ असलं काही नाही, कारण ‘झालं’ म्हणजे बंद झालं की दाबून झालं, हे वरच्याला कळत नाही. भावाला पेडलवर बसवणार असशील तर त्याचा मोबाइल आधी काढून घे.

पेडलाखाली लाकडाचा एक तुकडा ठेव, म्हणजे ते फळीला टेकणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचं रबर रोज जेवढं सरकतं तेवढाच भाग आतून गुळगुळीत असतो, पुढे गंज आणि गाळ. पेडल तळापर्यंत गेलं की रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. सकाळी हवा काढली आणि संध्याकाळी पेडल खाली बसायला लागलं, असं होतं ते बहुतेक यामुळेच.

चाकांचा क्रम? वस्तादांचा नियम होता, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपलं स्टेअरिंग उजवीकडे, सिलिंडरही सहसा उजवीकडेच. म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पद्मिनी, अँबेसेडर, जीप या सगळ्यांना मी हाच क्रम लावला. पण पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एक मागचं आणि त्याच्या तिरकं असलेलं पुढचं चाक एका नळीवर असतं, तिथे क्रम वेगळा असू शकतो. दाजींच्या गाडीची पुस्तिका कप्प्यात असेल, तिच्यात जे असेल ते माझ्या नियमाच्या वर. आणखी, काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-जास्त करणारा वाल्व्ह असतो. मागची चाकं लोंबत ठेवली तर तो तेल अडवतो आणि मागून धार येतच नाही. तसं झालं तर मागचा अॅक्सल घोडीवर टेकवून भार येऊ दे.

पहिल्या चाकाला आधी काळपट तेल येईल, मध्ये मध्ये फेस, मग मोहरीएवढे बुडबुडे. कॅलिपरवर लाकडाच्या तुकड्याने हलकेच टकटक कर, चिकटलेले बुडबुडे सुटून वर येतात. तेल नव्या डबीतल्यासारखं स्वच्छ येऊ लागलं आणि सलग चार-पाच दाबांत एकही बुडबुडा दिसला नाही, की ते चाक झालं. निपल मनगटाच्या जोराने आवळ, खांद्याच्या नाही, आणि वर रबरी टोपी बसव. ती नसली की पाणी-माती आत जाऊन पुढच्या वेळी निपल अडतं. दर सहा-सात दाबांनी टाकी बघ आणि भर. या कामात माणसं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. चौथ्या चाकापर्यंत छान येतात, गप्पांत टाकी रिकामी होते आणि मास्टर सिलिंडर हवा पितो. मग पहिल्यापासून सगळं.

बाटलीतलं तेल, नवं दिसलं तरी, परत टाकीत ओतायचं नाही. गटारात किंवा झाडाच्या मुळाशीही नाही. बाटली बंद करून, वर नाव लिहून, वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजात दे.

भावाच्या मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कलाही हेच सगळं. तिथे एक सोपी गोष्ट आधी करून बघ: हँडल असं वळव की लिव्हरजवळची टाकी सगळ्यात उंच येईल, लिव्हर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने रात्रभर बांधून ठेव. सकाळी पट्टी सोडून झाकण उघड आणि लिव्हर हलके हलके टिचकावत राहा. नळीत वर सरकलेले बारीक बुडबुडे टाकीत फुटताना दिसतील. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाकायला विसरू नका, रंगाची वाट लागते.

नव्या गाड्यांचं वेगळं. २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस आलं. नुसतं तेल बदलायचं तर बहुतेकींना हाताने जमतं, पण त्या एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर आतले वाल्व्ह उघडायला स्कॅनर लागतो. मैत्रिणीच्या गाडीला हात घालायला जाशील, म्हणून सांगून ठेवलं.

सगळं झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दाबून बघ: उंच आणि घट्ट हवं. जोर लावून मिनिटभर तसंच धर, सरकता कामा नये. मग पाय पेडलवर ठेवूनच इंजिन चालू कर. पेडल किंचित खाली जाईल. घाबरू नकोस, तो बूस्टर जागा झाला. त्याच वेळी दुसऱ्याने चारही निपल, नळ्या कोरड्या आहेत का ते बघायचं. पुढची गोष्ट अंगणात, माणूस चालतो त्या वेगाने, एक हात हँडब्रेकवर ठेवून. दहा वेळा थांबव. मग गल्लीत. पेडल अजून मऊ वाटलं तर रस्त्यावर काढू नकोस, मला फोन कर, रात्रीचे बारा वाजले असले तरी कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकांखाली ओला डाग आहे का बघ, टाकीची पातळी बघ. आणि टाकीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख आणि तेलाची प्रत लिहून ठेव. दाजींचं अक्षर तिथे कुठेतरी अजून असेल, ते काढू नकोस, त्याच्या खाली लिही.